सोन्याचे बिबटे आणि बत्तीस हजार माड

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नाविकग्रंथात कल्याणच्या खाली सेमुल्ला नावाचं बंदर येतं. ते आपलं अलिबागजवळचं चौल. त्याच ग्रंथात भडोचच्या बाजूला मांबनोस नावाचा राजा आहे. बहुतेक अभ्यासक त्याला क्षहरात क्षत्रप नहपान मानतात. त्याचा जावई उषवदात शिलालेखात स्वतःला शक म्हणवतो. या शकांचे भाईबंद कसे सजत, ते पाहायला मात्र कोकण सोडून थेट मध्य आशियाच्या कुरणांत जावं लागतं.

अल्माटीजवळ इसिक इथे १९६९ साली एका तरुण सरदाराची कबर सापडली. अंगावर सुमारे चार हजार सोन्याचे तुकडे, डोक्यावर उंच टोकदार टोपी, तिच्यावर बिबटे आणि पंखांचे घोडे. हे घोडे लाकडात कोरून वर सोन्याचा पातळ पत्रा चढवलेला. झगमगाट भरपूर, वजन थोडं! वाडा नाही, देऊळ नाही, वर्षातून अनेकदा मुक्काम हलणार. अशा माणसाची ऐपत दिसायची ती पट्ट्यावर, टोपीवर आणि घोड्याच्या साजावर. आणि तिथे वाघ-बिबटे, हरणं यायचीच; शिकारीवर आणि जनावरांवर जगणाऱ्यांचं जगच ते.

उत्तर अफगाणिस्तानातल्या तिल्या तेपे इथे १९७८-७९ साली व्हिक्टर सारियानिदी यांना वीस हजारांवर दागिने मिळाले. काळ साधारण नहपानाचाच. तिथल्या पुरुषाच्या कमरेला विणलेल्या सोन्याचा पट्टा होता, त्यावर नऊ चकत्या, प्रत्येकीवर श्वापदावर बसलेली आकृती.

इकडे उषवदाताची श्रीमंती निराळ्याच चालीची. नाशिकच्या लेण्यांत त्याच्या दानांची जंत्री आहे: गाई, गावं, डहाणुका-दमणा नद्यांवर फुकट नावा आणि नानंगोल गावातले बत्तीस हजार माड. घोड्यावर लादता न येणारी ही मालमत्ता. श्वापद सुटलं नाही, पण ते पट्ट्यावरून नाण्यावर गेलं. नहपानाच्याच क्षहरात कुळातल्या क्षत्रप भूमकाच्या तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूला बाण आणि वज्र, तर दुसऱ्या बाजूला धर्मचक्रासोबत सिंहस्तंभाचा शीर्षभाग दिसतो. श्वापद तेच, पण घराणं बदललेलं, असं म्हणायला हरकत नाही.

नहपानाची चांदीही टिकली ती नाण्यांतच. नाशिकजवळ जोगळथेंबीला १९०६ साली तेरा हजारांहून अधिक नाणी निघाली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला आहे.