इंदूर कलाशाळेचे माजी विद्यार्थी

होळकर संस्थानच्या राजधानीत दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या चित्रकला शाळेत शिकलेले चित्रकार. ‘स्टेट स्कूल ऑफ आर्ट’, ‘इंदूर कलाशाळा’, ‘देवळालीकरांची शाळा’ अशा वेगवेगळ्या नावांनी संस्थेचा उल्लेख होतो. पुढे तिचे शासकीय ललित कला संस्थान झाले. शाळा लहान होती, परंतु तिच्या पहिल्या दशकातील विद्यार्थ्यांत ना. श्री. बेंद्रे, दे. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर, जी. एम. सोलेगावकर यांची नावे येतात. म. फि. हुसेन यांचे नावही त्यांत घेतले जाते.

पार्श्वभूमी : शाळा निघाली तेव्हा यशवंतराव होळकर (दुसरे) नुकतेच गादीवर आले होते. १९३० नंतर त्यांनी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस याच्याकडून माणिकबाग राजवाडा आधुनिक शैलीत बांधवून घेतला आणि शिल्पकार ब्रांकुसी याच्या ‘बर्ड इन स्पेस’ मालिकेतील शिल्पे खरेदी केली. त्याच वर्षांत शाळेची मुले नर्मदेचे घाट आणि मांडूचे अवशेष जलरंगात रंगवत होती. युरोपीय आधुनिकता शहरात दोन वाटांनी आली, एक राजवाड्याच्या खरेदीतून आणि दुसरी मुलांच्या कुंचल्यातून. या दोन वाटा एकमेकींना फारशा भेटल्या नाहीत.

शिक्षणपद्धती : देवळालीकर स्वतः मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेच्या परंपरेत घडलेले, पण पुतळ्यावरून रेखाटनाचे वळण गिरवून घेण्यापेक्षा विद्यार्थ्याला उघड्यावर नेऊन बसवण्याकडे त्यांचा ओढा होता. ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू ही नेहमीची ठिकाणे. प्रत्यक्ष जागेवर, ऊन सरकण्याआधी चित्र पुरे करायचे. त्यामुळे रुंद फटकारे, तुटक रंगलेप आणि सावलीतही रंग पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली. या चित्रांत काळ्या-करड्या छायेऐवजी जांभळी-निळी छाया दिसते. इंप्रेशनिस्टांशी असलेले साम्य उघड आहे. ते छापील प्रतिकृतींतून आले की माळव्याच्या उन्हातून, यावर एकमत नाही. पदविकेसाठी (जी. डी. आर्ट) विद्यार्थी मुंबईच्या परीक्षेला बसत. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांत त्यांची चित्रे लागू लागल्यावर तिकडे ‘इंदूर स्कूल’ असा शब्द रूढ झाला. काही समीक्षक त्याला शैली मानतात, काही केवळ एका गुरूच्या विद्यार्थ्यांची ओळख.

नारायण श्रीधर बेंद्रे (२१ ऑगस्ट १९१० – १९ फेब्रुवारी १९९२) : इंदूरचेच. होळकर महाविद्यालयात पदवीचे शिक्षण आणि कलाशाळा अशी दोन्हींकडे त्यांची हजेरी होती. १९३३ मध्ये आग्रा विद्यापीठाचे बी. ए., लगोलग मुंबईची पदविका. ‘व्हॅगबाँड’ या चित्राला १९३४ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक मिळाले. या सोसायटीचे सुवर्णपदक १९४१ मध्ये. १९३६ पासून सुमारे तीन वर्षे काश्मीरमध्ये पर्यटक विभागासाठी चित्रकार म्हणून नोकरी. जागेवर झपाट्याने रंगवण्याचा इंदुरी सराव येथे उपजीविकेचे साधन झाला. १९४५ मध्ये शांतिनिकेतनात वास्तव्य. १९४७-४८ मध्ये अमेरिकेत. न्यूयॉर्कच्या विंडरमिअर गॅलरीत १९४८ मध्ये एकल प्रदर्शन. १९५० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली, तेव्हा चित्रकला विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. १९५९ मध्ये ते अधिष्ठाता झाले आणि १९६६ मध्ये पद सोडून मुंबईस आले. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख हे त्यांचे बडोद्यातील विद्यार्थी. ‘बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स’च्या (१९५६) उभारणीतही त्यांचा वाटा होता. ‘कांटा’ या चित्राला १९५५ मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

शैलीच्या अंगाने त्यांचा प्रवास निसर्गचित्र, घनवादाची उसनवारी, काही काळ अमूर्त आणि अखेरीस बिंदुवादी रंगयोजना असा झाला. १९७० नंतरच्या बिंदुचित्रांत स्त्रिया, मुले, झाडे येतात. आकृतीची कड रेषेने न बांधता रंगठिपक्यांच्या दाटीविरळीने उभी केलेली असते. सावलीत रंग शोधण्याच्या देवळालीकरी धड्याचेच हे पुढचे टोक मानता येईल. पद्मश्री १९६९, ललित कला अकादमीचे फेलो १९७४, पद्मभूषण १९९२. शाळेच्या विद्यार्थ्यांपैकी स्वतःच्या हाताने दुसरे मोठे कलाशिक्षण केंद्र घडवणारे म्हणून त्यांचे महत्त्व वेगळे.

मकबूल फिदा हुसेन (जन्म पंढरपूर, मृत्यू लंडन, ९ जून २०११) : जन्मतारीख सामान्यतः १७ सप्टेंबर १९१५ धरतात. आईच्या मृत्यूनंतर वडिलांबरोबर इंदूरला बालपण गेले. कलाशाळेच्या संध्याकाळच्या वर्गांना ते जात, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ते रीतसर विद्यार्थी होते काय आणि किती काळ, याबाबत भिन्न विधाने आढळतात. बेंद्रे यांनी त्यांच्या वडिलांचे मन चित्रकलेच्या बाजूने वळवले, ही आठवण खुद्द हुसेन यांची. १९३० च्या दशकात ते मुंबईस गेले. तेथे सिनेमाचे फलक रंगवले. डिसेंबर १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे ते सदस्य होते. ‘जमीन’ हे चित्र (१९५५), ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट (१९६७, बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल), ‘गजगामिनी’ हा चित्रपट (२०००). पद्मश्री १९६६, पद्मभूषण १९७३, राज्यसभेवर नियुक्ती १९८६, पद्मविभूषण १९९१. २०१० मध्ये कतारचे नागरिकत्व. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हुसेन यांची ख्याती मानवाकृती व घोडे यांवर उभी आहे; इंदूरच्या निसर्गचित्रणाची खूण त्यांच्या सुरुवातीच्या कामातच शोधावी लागते.

विष्णू चिंचाळकर (१९१७–२०००) : आलोट येथे जन्म. ‘गुरुजी’ या नावाने माळव्यात परिचित. सोबत्यांपैकी अनेकांनी मुंबईची वाट धरली. चिंचाळकर इंदूरमध्येच राहिले. काटक्या, वाळकी पाने, बिया, टाकाऊ वस्तू जशाच्या तशा उचलून, किमान फेरफार करून त्यांतून आकार दाखवणे ही त्यांची खास रीत. अक्षरे आणि अंक यांतून चित्र काढायला शिकवणारे ‘खुलते अक्षर खिलते अंक’ हे मुलांसाठीचे पुस्तक त्यांचेच. देवासचे कुमार गंधर्व, ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते आणि रंगकर्मी बाबा डिके यांच्याशी त्यांचा दीर्घ स्नेह होता.

दे. ज. जोशी : महेश्वरचे. नर्मदाकाठ, निमाडची खेडी व भिल्ल जीवन हे विषय. देवळालीकरांची निसर्गचित्रणाची परंपरा माळव्यात टिकवणाऱ्यांत अग्रगण्य.

जी. एम. सोलेगावकर : मुंबईत स्थायिक.

स्वातंत्र्योत्तर पिढ्या : १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये इंदूर मध्य प्रदेशात आले. या काळापासून विद्यार्थ्यांची व्यवहारभाषा हळूहळू हिंदी होत गेली आणि प्रदर्शनासाठी मुंबईबरोबर दिल्ली-भोपाळचीही दारे उघडली. १९५६ साली इंदूरमध्ये जन्मलेले अमूर्त चित्रकार अखिलेश हे या पिढीतील सर्वांत परिचित नाव. त्यांचे पुढील कार्य भोपाळच्या भारत भवनाशी निगडित आहे. हुसेन यांच्यावरील ‘मकबूल’ हे हिंदी पुस्तक त्यांनी लिहिले.

नावांची रूपे : मराठीतील देवळालीकर व चिंचाळकर ही नावे हिंदीत देवलालीकर, चिंचालकर अशी लिहितात.

स्मारक : देवलालीकर कला वीथिका, इंदूर.