शाब्लीचा द्राक्षमळा

कालवे आणि पांढरी वाइन ही जोडी फ्रान्समध्ये प्रसिद्ध आहे. तिचा माग काढू लागलो, तेव्हा आम्ही समुद्राकाठी न पोहोचता एका मठाच्या दारी येऊन पोहोचलो. बर्गंडी प्रांताच्या उत्तर टोकाला सरें नावाची लहानशी नदी आहे. तिच्या काठच्या शाब्ली गावावरूनच तिथल्या वाइनला नाव पडले.

नवव्या शतकात व्हायकिंगांच्या भयाने तूर येथील संत मार्टिन यांच्या मठातील संन्यासी आपल्या संताचे पवित्र अवशेष घेऊन बाहेर पडले. इ. स. ८६७ मध्ये राजा चार्ल्सने (इतिहासाने बिचाऱ्याला 'टकला' याच विशेषणाने लक्षात ठेवले आहे) त्यांना शाब्लीतील मठ दिला. पुढे १११४ साली, त्याच नदीकाठी पाँतिन्यी येथे सिस्टर्शियन संघाचा मठ उभा राहिला आणि त्यानेही शाब्लीत द्राक्षमळे मिळवले. मिस्साबलिदानाला द्राक्षारस हवा, तसाच पाहुण्यांनाही हवा. आणि पाहुणे थोर होते. राजाच्या रोषामुळे इंग्लंड सोडावे लागलेले महागुरू संत टॉमस बेकेट ११६४ पासून सुमारे दोन वर्षे येथेच राहिले. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ बंद झाला. मंदिर मात्र आजही उभे आहे.

शाब्लीची वाइन शार्दोने जातीच्या द्राक्षांची. तिथल्या चुनखडीच्या मातीत सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातील इवल्याशा कालवांचे अश्म झालेले शिंपले विखुरलेले आहेत. म्हणून तिला कालवांची चव येते, असे पुष्कळ जण हौसेने सांगतात. भूशास्त्रज्ञांना ते पटत नाही, आणि आम्हांलाही नाही. खरे कारण साधे आहे. थंड हवेत पिकलेल्या द्राक्षांचा आंबटपणा टिकतो आणि खारट कालवावर लिंबू पिळल्याचे काम ती वाइन करते. आपल्या किनाऱ्यावर कालवे रश्शात शिजतात. तिकडे ती कच्चीच खातात, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

शाब्ली समुद्रापासून दूर आहे. कालवांची गाठ तिला पॅरिसमध्येच पडली असावी, असा आमचा तर्क आहे. कारण ओसेर बंदरातून पिंपे नावांवर चढत आणि योन व सेन नद्यांवरून राजधानीला जात. गावच्या घरगुती ताटात निराळेच पदार्थ असतात: चीज घालून भाजलेले गुजेर नावाचे फुगीर गोळे, वाइनच्या सॉसमधले डुकराचे मांस, शेजारच्या मुलखातले शाऊर्स नावाचे मऊ चीज.

या मळ्यांचा एकदा जवळजवळ अंत झाला होता. एकोणिसाव्या शतकात योन परगण्यात सुमारे ४०,००० हेक्टर द्राक्षमळे होते. मग रेल्वेने दक्षिणेची स्वस्त वाइन पॅरिसला आणून ओतली. मागोमाग फायलोक्सेरा कीड मुळांना लागली, आणि महायुद्धाने तरुण नेले. १९५० च्या दशकात शाब्लीत जेमतेम ५०० हेक्टर उरले. त्यातही वसंतातले हिमदव कोवळे डोळे एका रात्रीत जाळून टाकी. शेतकरी रात्रभर मळ्यात शेगड्या पेटवून बसत. नंतर त्यांनी एक विलक्षण उपाय स्वीकारला: थंडीतच वेलींवर पाण्याचे तुषार सोडायचे. पाणी गोठताना थोडी उष्णता सोडते आणि बर्फाच्या कवचात डोळा जिवंत राहतो. आज मळे पुन्हा साडेपाच हजार हेक्टरांच्या वर गेले आहेत. तरीही एप्रिल २०२१ मध्ये हिमदवाने पुष्कळ पीक नेलेच. त्या रात्रीही शाब्लीच्या उतारांवर शेगड्या पेटल्या होत्या.