फुगा, निऑन आणि वावरातली माती

नशिराबादला आमचं धाब्याचं घर होतं. उन्हाळ्यात रात्री धाब्यावर गोधड्या टाकून झोपायचं आणि सकाळी गोधडी झटकली की मूठभर धूळ निघायची. दुपारी नांगरलेल्या शिवारातून वावटळ उठायची तिचीच ही कृपा. आबा म्हणायचे, "या मातीले काय, वावर मोकयं दिसलं का निंघाली वर!" पण वर म्हणजे कुठवर, हे काही त्यांना विचारायचं सुचलं नाही.

गेल्या विकांताला ते आठवलं, कारण डॉ. जयंत नारळीकरांच्या एका प्रयोगाबद्दल वाचत बसलो होतो. २० मे २०२५ ला नारळीकर गेले, तेव्हा कृष्णविवरं, आयुका, विज्ञानकथा या सगळ्यावर भरभरून लिहून आलं. या प्रयोगाच्या वाट्याला फार तर एखादी ओळ. मला तर तो त्यांच्या स्वभावाचा सगळ्यात चांगला नमुना वाटतो.

मूळ भानगड केंब्रिजची. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल आणि त्यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांनी १९७० च्या दशकात मांडलं, की जीवसृष्टीचं बियाणं पृथ्वीवर तयार झालं नाही, ते धूमकेतूंबरोबर बाहेरून आलं. आणि नुसतं आलं नाही, अजूनही येतंय. बहुतेक जीवशास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. अशा वेळी शिष्याकडे सोपे मार्ग दोनच. गुरूची बाजू घेऊन भांडायचं, नाहीतर हळूच लांब व्हायचं. नारळीकरांनी तिसरा काढला: वर जाऊन बघू या ना!

विचार साधा आहे. जमिनीवरची धूळ आणि जंतू साधारणपणे हवामानाच्या थरातच घुटमळतात. आपल्याकडे या थराचं छत १६-१७ किलोमीटरवर असतं. त्याच्या बऱ्याच वर जिवंत पेशी सापडल्या, तर त्या खालून आल्या की वरून, हा प्रश्न निदान विचारण्यासारखा होतो. (अवकाश १०० किलोमीटरपासून सुरू होतं, हे मान्य. ही फार तर अवकाशाची ओसरी.)

२१ जानेवारी २००१ ला हैदराबादच्या टीआयएफआरच्या केंद्रातून फुगा सुटला. मोहीम इस्रोची, प्रमुख संशोधक नारळीकर. नमुने ४१ किलोमीटरपर्यंतचे. कार्डिफमध्ये त्या नमुन्यांत पेशींचे पुंजके दिसले. पुढे शेफील्डच्या मिल्टन वेनराइट यांनी त्यातून दोन जिवाणू आणि एक बुरशी वाढवून दाखवली. गंमत अशी, की तिन्ही पृथ्वीवरचे अगदी ओळखीचे. टीकाकार म्हणाले, हे तुमच्या प्रयोगशाळेतलेच. आता आपल्या धंद्यात बग सापडला की पहिला प्रश्न असतो, "तुझ्याच मशीनवर येतोय का?" इथेही तोच होता, आणि तो रास्तच होता.

म्हणून २० एप्रिल २००५ ला पुन्हा उड्डाण झालं. मला सगळ्यात आवडला तो भाग या दुसऱ्या खेपेचा. २ कोटी ६७ लाख घनफुटांचा फुगा आणि त्याखाली ४५९ किलोंचं सामान. त्यात निर्जंतुक आणि निर्वात केलेली १६ पोलादी नळकांडी, ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेली. निऑन कशाला? तर ४१ किलोमीटरवर हवा जमिनीवरच्या तुलनेत शेकडो पटींनी विरळ असते. नुसतं झाकण उघडून हाती काय लागणार? पण नळकांडं उणे २४६ अंशांना गार असेल, तर आत शिरलेली हवा भिंतीवर गोठून बसते, आतला दाब वाढत नाही आणि आणखी हवा खेचली जाते. मोटर नाही, फिरणारा भाग नाही.. पंपाचं काम नुसत्या थंडीवर!

काम झालं की सामान हवाई छत्रीने खाली येतं आणि कुणाच्या तरी शेतात पडतं. म्हणूनच हैदराबादहून फुगे सुटायचे असले की विदर्भ-मराठवाड्यातल्या पेपरांत निवेदन येतं: अशी पेटी सापडल्यास हात लावू नका, कळवा, बक्षीस मिळेल. एवढ्या नाजूक विज्ञानाची शेवटची कडी म्हणजे शेतात काम करणारा कुणीतरी माणूस!

या वेळी नमुने दोन वेगळ्या प्रयोगशाळांत गेले, हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस. एकीने चूक केली तर दुसरीत उघडी पडावी. निकाल १६ मार्च २००९ ला जाहीर झाला. जिवाणूंच्या १२ वसाहती, बुरशीच्या ६. त्यातल्या नऊ पृथ्वीवरच्या माहीत असलेल्या जातींशी ९८ टक्क्यांहून जास्त जुळणाऱ्या. तीन जिवाणू मात्र तोवर कुणी न नोंदवलेले, आणि आपल्या भाऊबंदांपेक्षा अतिनील किरणांना जास्त दाद न देणारे. त्यांची नावं जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय. गुरूचं नाव एका जंतूला! यापेक्षा चांगली गुरुदक्षिणा मला तरी सुचत नाही :)

बातम्यांना मात्र ऊत आला. 'अंतराळात जीव सापडला', वगैरे. मूळ निवेदन बघा, त्यात स्पष्ट आहे की हे जंतू पृथ्वीबाहेरचे असल्याचं यातून सिद्ध होत नाही, काम पुढे न्यायला उत्तेजन मात्र मिळतं. शोधनिबंधाचं शीर्षक तर आणखी जपून लिहिलंय. वरच्या वातावरणात सापडलेले जिवाणू असं त्यात नाही, तिथली हवा गोळा करायला वापरलेल्या नळकांड्यांत सापडलेले, असं आहे. जे बघितलं तेवढंच. आयुष्यभर ज्या कल्पनेच्या जवळ राहिलो तिच्या बाजूचा पुरावा हातात असताना इतकं जपून लिहिणं किती अवघड असेल! आपण तर साधा डेमो चालला तरी मेलमध्ये 'यशस्वी' लिहून मोकळे होतो.

या तिघांचं पुढे काय झालं, ते फारसं कुणी सांगत नाही. इस्रोनेन्सिसला २०१६ मध्ये सॉलिबॅसिलस या कुळात हलवलं. आर्यभट्टाय तर जगभर मातीत आणि झाडांच्या मुळांशी सापडत गेला. २०१४ मध्ये मध्य भारतातल्या संशोधकांचा निबंध आला. त्यांना तो काळ्या जमिनीत, सोयाबीनच्या मुळांशी मिळाला होता, आणि मातीतलं न विरघळणारं जस्त तो पिकाला मिळवून देतो असं दिसलं. म्हणजे आज तरी पारडं खालच्या बाजूला झुकलेलं आहे. माझंही मत तेच, जंतू इथलेच. तरी त्याने हॉयल हरले असं म्हणता येत नाही. वरून पडलेलं बियाणंही शेवटी मातीतच सापडणार. पेशींमधल्या कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजलं तर काही ठरू शकेल, पण मूठभर पेशींत ते मोजणं सोपं नाही.

आणि इथलेच असतील, तर उलटा प्रश्न शिल्लक राहतोच, जो मला जास्त छळतो. वावरातला जंतू छत फोडून इतका वर पोचला कसा, आणि पोचून जिवंत राहिला कसा? मोठे ज्वालामुखी धूळ तिथवर फेकतात, पण ते काही रोज फुटत नाहीत. वावटळ तर किलोमीटरभरातच दमते. माती वर जाते हे आबांना ठाऊक होतं. कुठवर, ते अजून नीटसं कुणालाच नाही.