खसखशीचा पाव आणि दुसरी बाटली

1985 च्या एप्रिलमध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक लेख आला आणि लघवीतील अमली द्रव्ये तपासणाऱ्या प्रयोगशाळांची अब्रूच निघाली. 13 प्रयोगशाळांना रुग्णांचे म्हणून मुद्दाम तयार केलेले नमुने पाठवले होते. कोकेन असलेल्या नमुन्यांत चुकांचे प्रमाण काही ठिकाणी शंभर टक्क्यांपर्यंत गेले.

आणि नेमक्या याच काळात तपासण्या वाढत होत्या. 4 जानेवारी 1987 रोजी मेरीलँडमधील चेस येथे रेल्वे अपघातात 16 माणसे दगावली. मालगाडीच्या इंजिनावरील कर्मचाऱ्यांनी गांजा ओढल्याचे निघाले. तपासणी हवीच होती. पण चुकीच्या अहवालाने निर्दोष माणसाची भाकरी जाते, हेही तितकेच खरे.

1988 च्या सरकारी नियमावलीने या तपासण्यांना शिस्त आणली: मोहोरबंद बाटली, हातोहात नोंद, पहिल्या चाचणीवर अधिक काटेकोर दुसरी चाचणी, शेवटी डॉक्टरची नजर.

तरी चूक शिरलीच. 1990 मध्ये उघड झाले, की सर्दीच्या औषधातले एफेड्रिन त्या काटेकोर दुसऱ्या चाचणीतही मेथॲम्फेटामाइन म्हणून उमटू शकते. मग मेथॲम्फेटामाइनपासून शरीरात बनणारे ॲम्फेटामाइनही सापडल्याशिवाय दोषी अहवाल द्यायचा नाही, असे ठरले. खसखस लावलेला पाव खाल्ल्यानेही लघवीत मॉर्फिन दिसते; म्हणून 1998 मध्ये अफूवर्गाची मर्यादा मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅमवरून 2000 वर नेली. एवढ्या साध्या गोष्टीला दहा वर्षे लागली, हे अक्षम्य आहे.

1991 च्या कायद्याने वाहतूक क्षेत्रातील कामगाराला मोठा आधार दिला. नमुना दोन बाटल्यांत विभागला जातो, आणि दोषी ठरल्यास 72 तासांत कामगार दुसरी बाटली वेगळ्या प्रयोगशाळेत तपासून मागू शकतो.