बियाणे जपणाऱ्या हातांचा इतिहास

राजेरजवाड्यांची नावे बखरींत सहज सापडतात; बियाणे जपणाऱ्या हातांची नावे तेथे नसतात. म्हणून अशाच काही हातांचा वृत्तान्त आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहो.

बीदरच्या दक्षिणेस तेलंगणातील जहीराबादचा मुलूख आहे. १९५६ पूर्वी तो मराठवाड्यासह हैदराबाद राज्यातच होता. जमीन उथळ व तांबडी, शेती पावसाच्या भरवशाची, आणि आपल्याप्रमाणेच ज्वारीची भाकरी हे तेथील अन्न.

१९८३ साली आंध्र सरकारने दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्यास प्रारंभ केला. गरिबांस आधार मिळाला हे खरे. परंतु तांदूळ स्वस्त झाल्यावर ज्वारी पेरण्याचे कारणच उणावले. रानेच्या राने पडीक राहिली. त्यांबरोबर गुरांचा कडबा गेला व मजुरीही गेली.

त्याच वर्षी पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी स्थापन झाली होती. तिच्या साह्याने दलित स्त्रियांनी गावोगावी संघ उभारले. १९९५ च्या सुमारास त्यांनी पडीक रान वहितीस आणण्यासाठी अल्पभूधारकांस कर्जाऊ रक्कम दिली. तिची फेड मात्र रोखीने नव्हे, ज्वारीने घेतली. ते धान्य गावातच साठवून टंचाईच्या महिन्यांत गरीब घरांस स्वस्तात दिले. अधिक गरजू कोण, याचा निर्णय कचेरीने नव्हे, गावाने सर्वांसमक्ष केला.

बियाण्याचा व्यवहारही असाच. नेलेल्या मापाच्या दुप्पट परत करावयाचे, म्हणजे पुढच्या घरास मिळते. एकाच रानात ज्वारी, राळा, तूर व इतर अनेक पिके मिसळून पेरावयाची, म्हणजे पाऊस हुकला तरी एखादे पीक हाती लागते. शिवाय डाळवर्गीय पिकांच्या मुळांनी जमिनीचा कस राहतो. २००८ साली या स्त्रियांनी स्वतःचे नभोवाणी केंद्र सुरू केले. २०१९ साली संस्थेस संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार लाभला.

काय पेरावे व काय खावे हे पिकविणाऱ्यानेच ठरवावे, या हक्कास १९९६ पासून जगातील शेतकरी संघटना अन्नसार्वभौमत्व म्हणतात. तो शब्द रुळण्यापूर्वीच या भगिनींनी त्याचा पाया घातला होता. आपल्या ज्ञातीतही कोरडवाहू शेतीवर जगणारी घरे आहेत. ज्यांच्या कणगीत जुने वाण अद्याप शिल्लक आहे, त्यांनी त्यातील मापभर शेजारच्या घरी द्यावे, मग ते घर कोणत्याही ज्ञातीचे असो, अशी आमची नम्र विनंती आहे.