हवानाचे गादीवाफे

१९९१ साली सोव्हिएत संघाचे विघटन झाले आणि साखरेच्या बदल्यात खनिज तेल, रासायनिक खते व धान्य मिळवण्याचा क्युबाचा तीन दशकांचा व्यवहार कोलमडला. सरकारने ‘विशेष कालखंड’ म्हणून जाहीर केलेल्या त्या वर्षांत डिझेलअभावी खेड्यांतला भाजीपाला राजधानीत पोहोचेना, म्हणून हवानातल्याच पडीक जागांवर भाजी पिकवणे भाग पडले; पण तिथे बहुतेक ठिकाणी राडारोडाच असल्याने जमीन नांगरण्याऐवजी तिच्यावर गादीवाफे, म्हणजे कडा बांधून उंच केलेले वाफे, रचले गेले.

या वाफ्यांचा उगम सेंद्रिय शेतीच्या विचारात शोधला जातो, तो पूर्णपणे बरोबर नाही. मातीविना, पोषकद्रव्ये मिसळलेल्या पाण्यावर भाजी वाढवणाऱ्या हायड्रोपोनिक पद्धतीचे हौद क्युबात आधीपासून होते. आयात रसायने संपली तेव्हा त्यांतच माती आणि कंपोस्ट भरले गेले, आणि अशा बागांना ‘ऑर्गानोपोनिको’ म्हटले जाऊ लागले. लष्कराने १९८७ मध्येच रसायनांविना भाजी पिकवण्याचा प्रयोग पाहिला होता आणि जनरल मोइसेस सिओ वोंग यांनी पुढे त्याचा नेटाने पाठपुरावा केला.

जिथे तयार हौद नव्हते तिथे छपराचे फुटके सिमेंटचे पत्रे, कौले, विटा, दगड, जुन्या फळ्या, जे हाती येईल ते कामी आले. पत्र्याचे तुकडे ओळीने उभे करून त्यांची खालची कड जमिनीत गाडली जाई, आणि वाफ्याची रुंदी इतकीच ठेवली जाई की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचावा. आत मातीबरोबर शेणखत, गांडूळखत आणि प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, भरला जाई. महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकाला तो वेगळा सांगायला नको. या सेंद्रिय भागामुळे ओल टिकून वाफसा लांबतो, तर बांधलेल्या कडा पावसाळ्यातल्या जोरदार सरींत माती वाहू देत नाहीत. मात्र उष्ण हवेत सेंद्रिय द्रव्य झपाट्याने कुजते, वाफा खचतो, आणि खताची नवी भर घातली नाही तर ओल धरण्याची त्याची ताकदही जाते. कौतुकाच्या वर्णनांत नेमके हेच कष्ट गाळले जातात.

१९९७ मध्ये हवानाच्या पूर्वेकडील आलामार वसाहतीत अवघ्या काही माणसांनी सुरू केलेली बाग पुढे दहा हेक्टरांवर पसरली आणि जगभरच्या अभ्यासकांना दाखवली जाऊ लागली. या वाफ्यांनी शहराला पालेभाज्या, टोमॅटो आणि मसाल्याच्या वनस्पती दिल्या. क्युबाच्या ताटातला बराचसा तांदूळ मात्र अजूनही परदेशातूनच येतो.