फॉलोअर्स तुमचे, पण जागा कुणाची?

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग इतिहासाचा आहे, पण राजेरजवाड्यांचा नाही. तुमच्या हातातल्या फोनचा आहे. "रील्स करून पोट भरता येतं का?" हा प्रश्न आजकाल प्रत्येक घरात निघतो. आईबाबा म्हणतात नाही, मित्र म्हणतात हो. आपण जरा मागे जाऊन बघू, आतापर्यंत ज्यांनी हे केलं त्यांचं काय झालं.

सुरुवात नारायणगावपासून करू. पुणे जिल्ह्यातलं हे गाव म्हणजे तमाशाची पंढरी. यात्रांचा हंगाम आला की इथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी येतात, फडमालकाशी घासाघीस करतात आणि सुपारी ठरते. म्हणजे करमणुकीचे पैसे आधीपासून मिळतायत, त्यात नवं काही नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. इथे कलाकार आणि गाव समोरासमोर बसतात. भाव किती, तारीख कोणती, सगळं तोंडावर. मध्ये अल्गोरिदम नाही!

आता २००५. एप्रिल महिन्यात यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला. एक तरुण प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून बोलतोय, लांबी फक्त १९ सेकंद. पुढच्याच वर्षी गूगलने १६५ कोटी डॉलरला ही कंपनी विकत घेतली. पण व्हिडिओ टाकणाऱ्यांना काय? तोवर काहीच नाही. लोक हौसेने टाकत होते.

हे बदललं २००७ मध्ये. यूट्यूबने पार्टनर प्रोग्रॅम आणला: व्हिडिओवर जाहिरात लागेल आणि त्यातला वाटा बनवणाऱ्याला मिळेल. पुढे नेहमीच्या व्हिडिओंसाठी हा वाटा ५५ टक्के असा रूढ झाला, उरलेले ४५ यूट्यूबचे. शेतकी भाषेत सांगायचं तर ही बटाई झाली. जमीन त्यांची, नांगर तुमचा, पीक वाटून.

आणि जमीन त्यांची म्हटल्यावर नियमही त्यांचेच. २०१७ मध्ये आक्षेपार्ह व्हिडिओंवर आपल्या जाहिराती दिसतात म्हणून मोठ्या ब्रँडनी जाहिराती काढून घेतल्या. त्याचा फटका ज्यांचा काही दोष नव्हता अशांनाही बसला. जानेवारी २०१८ मध्ये नवी अट आली: १ हजार सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४ हजार तास वॉच टाइम. त्याखालच्या छोट्या चॅनेलांची कमाई बंद. पत्र आलं, विषय संपला. बोलणी करायला समोर कुणीच नाही.

पण उलटंही घडलंय. व्हाइन आठवतंय? सहा सेकंदांचे व्हिडिओ, २०१३ ला सुरू झालेलं ॲप. आजच्या रील्सचा मोठा भाऊच म्हणा. तिथे स्टार झालेली मुलं ब्रँडच्या सुपाऱ्यांवर कमवत होती, पण व्हाइन त्यांना जाहिरातीतला वाटा देत नव्हतं. २०१५ मध्ये तिथले १८ मोठे क्रिएटर एकत्र आले आणि कंपनीसमोर बसले. मागणी अशी: प्रत्येकाला १२ लाख डॉलर द्या, आम्ही दर महिन्याला ठरावीक व्हिडिओ देऊ. नाहीतर चाललो. कंपनी नाही म्हणाली. मुलं खरंच गेली, यूट्यूबवर, इन्स्टाग्रामवर. ऑक्टोबर २०१६ मध्ये व्हाइन बंद करत असल्याची घोषणा झाली. बंद पडण्याची कारणं आणखीही होती, पण कलाकार गेल्यावर फड उठायला कितीसा वेळ लागतो?

आता आपल्याकडे या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. मग टिकटॉक. कॅमेरा नको, स्टुडिओ नको, शुद्ध भाषा नको. शेताच्या बांधावर उभं राहून अहिराणीत बोला, मालवणीत बोला, चालतंय. ज्यांना टीव्हीवर कधी कुणी उभं केलं नसतं, अशी माणसं घराघरात पोचली. भारतात टिकटॉकचे सुमारे २० कोटी वापरकर्ते होते.

आणि मग २९ जून २०२०. गलवानच्या चकमकीला दोन आठवडे झाले होते. त्या रात्री सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. कारण देशाच्या सुरक्षेचं होतं, त्यावर वाद घालायला हा भाग नाही. पण कल्पना करा, लाखो फॉलोअर्स असलेला एखादा पोरगा रात्री झोपला आणि दोन-तीन दिवसांत त्याचं दुकान रस्त्यासकट गायब झालं. चूक त्याची नव्हती, आणि फॉलोअर्स काही पोत्यात भरून दुसरीकडे नेता येत नाहीत. ज्यांनी आधीच यूट्यूब चॅनेल काढलं होतं त्यांना निदान टेकायला जागा होती. बाकीच्यांना शून्यापासून सुरुवात.

रिकामी जागा फार दिवस रिकामी राहिली नाही. इन्स्टाग्रामने जुलैमध्येच भारतात रील्स आणलं, यूट्यूबने सप्टेंबरमध्ये शॉर्ट्स. जाहिरातीतला वाटा मात्र शॉर्ट्सवर फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झाला.

सरकारचंही लक्ष गेलं. १ जुलै २०२२ पासून ब्रँडने दिलेली वस्तू, म्हणजे प्रमोशनसाठी आलेला आणि तुम्ही ठेवून घेतलेला फोनसुद्धा, वर्षाला २० हजारांच्या वर गेली की त्यावर १० टक्के टीडीएस लागू झाला. फोन परत केला तर नाही. म्हणजे "फुकट मिळालं" ही भाषा आता कागदावर चालत नाही. बघा ना, ज्याला घरी 'टाइमपास' म्हणतात, त्याला आयकर खातं उत्पन्न म्हणतं!

मग पोट भरतं का? काहींचं भरतं, हे खरंय. पण या वीस वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जे एकाच ॲपवर, एकाच प्रकारच्या कमाईवर उभे होते, ते नियम बदलला की पडले. जे टिकले त्यांच्याकडे दुसरं काहीतरी होतं: दुसरा प्लॅटफॉर्म, थेट पैसे देणारे प्रेक्षक, स्वतःचं प्रॉडक्ट, नाहीतर सरळ एक नोकरी.

फडमालकाला आपली गावं माहीत असतात, कारभाऱ्यांचे नंबर त्याच्या वहीत असतात. उद्या तुमचं ॲप बंद झालं, तर तुमच्या वहीत कुणाचे नंबर आहेत? कॉलेज सोडायचा विचार करत असाल, तर आधी ती वही उघडून बघा.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!